कोळी माकड आणि माळव्यातले प्राणिसंग्रहालय : प्रस्तावना

मराठी राजघराण्यांना प्राणी पाळण्याचा षोक जुनाच. सवाई माधवरावांचा शिकारखाना पेशवाईच्या हकिकतींत येतो. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८७९ मध्ये, बडोद्याच्या कमाठीबागेत प्राणी आले आणि ग्वाल्हेरच्या फूलबागेत शिंद्यांनी १९२२ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू केले. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. आज मात्र या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला पोराबाळांना वाघ-सिंह दाखवायचे म्हटले की तो इंदूरची वाट धरतो. धारहून साठेक किलोमीटर, देवासहून पस्तीस-चाळीस. नवलखा भागातले कमला नेहरू प्राणिसंग्रहालय १९७४ पासूनचे आणि महापालिकेचे. सुट्टीच्या दिवशी तिथल्या गर्दीत इंदुरी हिंदी, माळवी, निमाडी आणि चार पिढ्या माळव्यात मुरलेली मराठी, सगळ्या बोली कानावर पडतात.

अशी मध्यम आकाराची प्राणिसंग्रहालये देशभर आहेत. नागपूरचे महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे, पुण्याचे कात्रज महापालिकेकडे, भोपाळचे वनविहार वनखात्याकडे. मालक वेगळे, अडचणी सारख्याच. दिल्ली, म्हैसूर, कोलकात्याची बडी संग्रहालये अभ्यासकांच्या नजरेत असतात. जिल्ह्या-दोन जिल्ह्यांचा भार वाहणाऱ्या प्रादेशिक संग्रहालयांबद्दल मात्र मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. त्यांच्या रोजच्या कामावर प्रकाश टाकायचा तर एखादा अवघड प्राणी धरून बोलणे बरे, म्हणून या पुस्तकाने कोळी माकड निवडले आहे. सगळे जग त्याला स्पायडर मंकी म्हणते.

हा प्राणी आपल्याकडचा नाही. मेक्सिकोपासून बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंतच्या वर्षावनात त्याच्या सात जाती राहतात. वजन सहा ते नऊ किलो, म्हणजे मांडूच्या अवशेषांवर बसणाऱ्या वानरापेक्षा हलके. हातपाय लांबच लांब, पोट सुटल्यासारखे, आणि हाताला अंगठा जवळजवळ नाहीच. चार बोटांचा आकडा करून फांदीला लटकायचे, झोका घ्यायचा, सोडायचे, पुढची फांदी पकडायची, या कामात अंगठा मध्ये येतो. अंगठ्याची कसर शेपटी भरून काढते. ती शरीरापेक्षा लांब असते आणि टोकाकडच्या वीतभर भागात, आतल्या बाजूला, केस नसतात. तिथे तळहातासारखी उघडी कातडी असते, तिच्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषाही असतात. वानराचे शेपूट तोल सांभाळते, धरत काही नाही. कोळी माकड नुसत्या शेपटीवर सगळे वजन टाकून दोन्ही हातांनी फळ सोलते.

पिंजऱ्याची उंची, दोऱ्यांची जाडी, फांद्यांमधले अंतर, जमिनीवर खाणे ठेवावे की टांगावे, ही सगळी गणिते या एका शेपटीपासून सुरू होतात. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या प्राण्याला बारा फूट लांब, सात फूट उंच खोली दिली, तर कागदावर क्षेत्रफळ भरते आणि प्राण्याच्या दृष्टीने जागा रिकामीच राहते.

दक्षिण अमेरिकेतल्या माकडाशी माळव्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. संबंध कायद्याचाही आहे आणि चोरबाजाराचाही. जुलै २०२० मध्ये आसामच्या काछाड जिल्ह्यात वनखात्याने एक वाहन पकडले. त्यात एक कांगारू, सहा हायसिंथ मकाव पोपट, अल्दाब्रा बेटांवरची तीन कासवे आणि दोन कॅपुचिन माकडे निघाली. कॅपुचिन हे कोळी माकडाचेच अमेरिकी भाईबंद. ते सगळे प्राणी गुवाहाटीच्या संग्रहालयात गेले. परदेशी प्राणी पाळण्याची हौस वाढली तशी पूर्व सीमेवरून आणि विमानतळांवरून ही आवक वाढली. पकडलेल्या माकडाला मायदेशी परत पाठवणे लांबचे काम. तोवर त्याला जवळच्या मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवावे लागते. अशा वेळी त्या संग्रहालयाला आधी कोणी विचारत नाही की तुमच्याकडे या माकडाची सोय आहे का. म्हणून सोय कशी करतात ते आधीच ठाऊक असलेले बरे.

कायदाही बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने असलेल्या प्राण्यांची, म्हणजे साइट्स कराराच्या यादीतल्या प्राण्यांची, चौथी अनुसूची कायद्यात आली. अशा प्राण्याची मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू सरकारदरबारी नोंदवणे त्यामुळे बंधनकारक झाले. कोळी माकडाच्या सगळ्या जाती साइट्सच्या यादीत आहेत. बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, तर मध्य अमेरिकेतल्या जॉफ्रॉय जातीच्या दोन उपजाती सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात. नोंदवहीत केवळ ‘स्पायडर मंकी, नग दोन’ असे लिहून भागण्याचे दिवस गेले.

घराची गोष्ट आधी. कोळी माकडाच्या मूळ रानात वर्षभर दमट हवा आणि वीस ते तीस-बत्तीस अंशांची ऊब असते. माळव्याच्या पठारावर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लू चालते. ज्या गार रात्रींची ‘शब-ए-मालवा’ म्हणून ख्याती, त्याच रात्री जानेवारीत सहा-सात अंशांपर्यंत उतरतात. अंगावर चरबी नसलेल्या, लांब हातपायांच्या या माकडाला थंडी वानरापेक्षा कितीतरी लवकर बाधते. उन्हाळ्यात पत्र्याचे छत आणि काळ्या दगडाची भिंत दिवसभर तापून रात्री तीच उष्णता खोलीत सोडते.

मांडूत आफ्रिकेतून आलेली गोरखचिंचेची झाडे शतकानुशतके रुजली आहेत आणि खुरासानी इमली म्हणून त्यांची फळे रस्त्याकडेला विकली जातात. परका जीव माळव्यात रुजतो याचा हा दाखला. पण गोरखचिंच मुळातच कोरड्या, उष्ण मुलखातली. वर्षावनातल्या माकडाला इथे मुक्काम करायचा तर छपराखालची सावली, तुषार, हिवाळ्यात दिवे किंवा हीटर आणि वीज गेली तर पर्यायी सोय, एवढे सगळे माणसाने पुरवायचे. रात्रनिवाऱ्यातले थर्मामीटर माकडे बसतात त्या उंचीवर लावायचे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नव्हे. छताजवळचा आणि जमिनीजवळचा पारा सारखा नसतो, आणि माकडाचा मुक्काम छताजवळ.

उन्हाची आणखी एक बाजू आहे. अमेरिकी माकडांना हाडे धड राहण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते आणि ते अंगावर पडणाऱ्या थेट उन्हातून मिळते. काचेतून आलेले ऊन उजेड देते, पण त्यातले उपयोगी अतिनील किरण काच अडवते. काचबंद खोलीत वाढलेल्या पिलाची हाडे वाकतात, त्याला मुडदूस होतो. माळव्याला उन्हाची ददात नाही. थेट ऊन या माकडांना रोज मिळेल अशी दारे उघडली, तर औषधांच्या दुकानातली निम्मी पायपीट वाचते.

खाण्याच्या बाबतीत तर सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. रानात या माकडाच्या आहाराचा बहुतांश भाग पिकली फळे असतात, हे खरे. त्यावरून केळी, चिकू, द्राक्षे, आंबे यांची पाटी पुढे ठेवली की झाले, असे वाटते. रानातले फळ आणि बाजारातले फळ यांत मोठा फरक. रानफळात बी मोठे, गर थोडा, तंतू जास्त, साखर कमी. मंडईतले फळ पिढ्यानपिढ्या माणसाच्या जिभेसाठी गोड आणि मऊ केलेले. ते पोटभर खाणाऱ्या आणि दिवसभर चार खांबांमधेच फिरणाऱ्या माकडाला लठ्ठपणा आणि मधुमेह जडतो. दातही किडतात.

म्हणून आता जाणती संग्रहालये गोड फळे हातचे राखून देतात. ताटात पालेभाज्या, दुधी, गाजर, शेंगा, कोवळा पाला आणि माकडांसाठी बनवलेला, क आणि ड-३ जीवनसत्त्वांचा कोरडा खाऊ, यांचा वाटा मोठा ठेवतात. इथे माळव्याला एक फायदा आहे. रानात कोळी माकडे अंजिराच्या जातीची फळे आवडीने खातात, आणि त्या जातीचे वड, पिंपळ, उंबर धार-देवासच्या प्रत्येक गावाच्या शिवारात उभे आहेत. हंगामात उंबराच्या फळांनी लगडलेली डहाळी तोडून वर टांगली, तर माकडाला फळ, पाला आणि तासभराचा उद्योग हे तिन्ही मिळते. खाणे चिरून ताटात वाढण्यापेक्षा दहा ठिकाणी लपवणे, टांगणे, बांबूच्या नळीत भरणे हे काम किपरने रोज करायचे. कारण रानात या माकडाचा दिवस खाणे शोधण्यातच जातो, आणि पिंजऱ्यात तेवढाच वेळ रिकामा उरला की ते स्वतःचे केस उपटू लागते.

आता कळपाकडे. अमेरिकी अभ्यासक सी. आर. कार्पेंटर यांनी १९३५ मध्ये पनामातल्या तांबड्या कोळी माकडांवर निबंध प्रसिद्ध केला. एकाच कळपातली माकडे लहान लहान टोळ्यांत विखुरलेली असतात, हे त्यांच्या लक्षात आले. पुढच्या अभ्यासांतून चित्र स्पष्ट झाले. वीस-तीस माकडांचा कळप कधीही एका जागी नसतो. शेतकरी कुटुंब सकाळी वेगवेगळ्या वावरांत पांगते आणि दिवेलागणीला एकत्र येते, तशी ही माकडे फळांच्या हिशेबाने पांगतात आणि जमतात. कोणाशी भांडण झाले तर दुसऱ्या टोळीत निघून जायचे, हा त्यांचा तंटा मिटवायचा मार्ग. पिंजऱ्यात हाच मार्ग बंद होतो.

म्हणूनच कोळी माकडांचे घर एका मोठ्या खोलीचे नसावे. चार-पाच दालने हवीत आणि प्रत्येक दालनाला दोन दारे. एकच दार असलेली खोली म्हणजे दुबळ्या माकडासाठी सापळा. दादागिरी करणारे दारात बसले की आतले अडकले. मध्ये आडोसे हवेत, म्हणजे एकमेकांना न दिसता बसता येईल. खर्च वाढतो, प्रेक्षकांना माकड शोधावे लागते, पण भांडणातून झालेल्या जखमा शिवण्यापेक्षा हे स्वस्त.

रानातली आणखी एक रीत संग्रहालयाच्या व्यवस्थापनात थेट उपयोगी पडते. कोळी माकडांत नर जन्माच्या कळपातच राहतात आणि माद्या वयात आल्यावर दुसऱ्या कळपात जातात. भारतातल्या मर्कट जातीच्या माकडांत याच्या नेमके उलट. तिथे नर बाहेर पडतात, माद्या माहेरीच राहतात. त्या सवयीने कोळी माकडांच्या कळपात बाहेरचा तरणा नर आणून सोडला, तर तिथले नर एकजुटीने त्याच्यावर तुटून पडू शकतात. देवाणघेवाण करायची तर माद्यांची करावी आणि बाप, मुलगे, भाऊ शक्यतो एकत्र ठेवावेत.

प्रजननाचे प्रकरण या पुस्तकात शेवटी आहे, आणि ते मुद्दामच. संग्रहालयाचे यश पिले मोजून ठरवायची आपल्याकडे सवय आहे. पिलू जन्मले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते, नाव ठेवण्याची स्पर्धा होते. पण निवारा, आहार, कळप आणि नोंदी या चार गोष्टी जागेवर नसताना झालेला जन्म हा कर्तबगारीचा पुरावा ठरत नाही. या पुस्तकाचा सगळा रोख या एका म्हणण्यावर आहे.

कोळी माकडाची मादी पिलू फार सावकाश वाढवते. गर्भारपण सुमारे साडेसात महिन्यांचे, एका वेळी एकच पिलू आणि दोन पिलांत साधारण तीन वर्षांचे अंतर. पहिले काही महिने पिलू आईच्या पोटाला चिकटून असते, मग पाठीवर येते आणि आपले शेपूट आईच्या शेपटीच्या बुडाला गुंडाळून बसते. दूध सुटायला दीड-दोन वर्षे लागतात. त्यानंतरही दोन झाडांमधले अंतर पिलाला झेपत नसले, तर आई शेपटीने आणि पायांनी एक फांदी, हातांनी समोरची फांदी धरून स्वतःच मध्ये ताणून उभी राहते आणि पिलू तिच्या अंगावरून पलीकडे जाते. पिंजऱ्यात दोऱ्यांमध्ये काही जागी जाणीवपूर्वक असे अंतर ठेवावे. पिलाला ताकद येण्यासाठी ते लागते, आणि किपरला आईची तब्येत व तिची माया दोन्ही लांबून पाहता येतात.

सावकाशपणा म्हणजे किती, याचे उत्तर पनामातल्या एका बेटाने दिले आहे. पनामा कालव्यासाठी गातून सरोवर भरले तेव्हा बारो कोलोराडो ही टेकडी बेट झाली. तिथली कोळी माकडे शिकारीने नाहीशी झाली होती. १९५९ नंतरच्या काही वर्षांत बाजारातून विकत घेतलेली लहान माकडे तिथे सोडण्यात आली. त्यांतून एक नर आणि चार माद्या तगल्या. बेटावर फळांची झाडे भरपूर आणि माणसाची शिकार बंद. तरीही चार दशकांनंतर, २००३ मध्ये, तिथला कळप तीसच्या आतच होता. ज्या संग्रहालयाला पाच वर्षांत कळप दुप्पट करून दाखवायचा असेल, त्याने हा प्राणी हाती घेऊ नये.

विणीचा विचार करण्याआधी एक साधी वाटणारी गोष्ट तपासायची असते. जोडीत नर कोण आणि मादी कोण? कोळी माकडाच्या मादीचे भगशिश्न लांब असते आणि बाहेर लोंबते. लांबून पाहणाऱ्याला मादी हीच नर वाटते. नवख्या संग्रहालयात दोन माद्यांची ‘जोडी’ पिलाची वाट पाहत वर्षानुवर्षे नांदू शकते. यावर उपाय सोपा आहे. प्राणी आल्याबरोबर, विलगीकरणातच, पशुवैद्याने भूल देऊन तपासणी करावी, मायक्रोचिप बसवावी आणि लिंग नोंदवहीत सहीनिशी लिहावे.

जात ओळखणे त्याहून अवघड. काळी, तांबूस, तपकिरी, पोटाखाली पिवळसर अशा रंगांवरून जुन्या काळी पाश्चात्त्य संग्रहालयांनी माकडे एकत्र ठेवली. त्यांच्यात संकर झाले. पुढे तपासण्या आल्या आणि कळले की काही जातींत गुणसूत्रे ३४, तर काहींत ३२ आहेत. ज्या माकडांचे कूळ सांगता येत नव्हते, त्यांना संवर्धनाच्या कार्यक्रमातून वगळावे लागले. त्या माकडांना सांभाळले गेले, पण त्यांची वीण थांबवण्यात आली. सातपैकी बहुतेक जाती आज धोक्यात आहेत. कोलंबिया-व्हेनेझुएलातली तपकिरी जात तर अतिसंकटग्रस्त आहे. तिच्यासारख्या जातीचे शुद्ध पिलू आणि दोन जातींच्या संकराचे पिलू प्रेक्षकाला सारखेच गोड दिसते, संवर्धनाच्या खात्यावर मात्र दोघांची किंमत वेगळी. चोरबाजारातून आलेल्या, कूळ न कळणाऱ्या माकडांना इथल्या संग्रहालयांत आसरा जरूर मिळावा. त्यांची वीण करण्याची घाई मात्र नको. वीण टाळण्यासाठी हार्मोनचे इम्प्लांट उपलब्ध आहेत आणि नर-मादीची ताटातूट न करता वीण थांबवता येते.

घाईची वीण काय करते, हे मध्य प्रदेशाला बाहेरून शिकायला नको. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी मोहन नावाचा पांढरा वाघाचा बछडा पकडला. त्याची वीण त्याच्याच मुलीशी, राधाशी, केली तेव्हा १९५८ मध्ये चार पांढरे बछडे झाले. त्यांतली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली. जगभरच्या संग्रहालयांत पांढऱ्या वाघांची रांग लागली आणि तिच्यासोबत जवळच्या नात्यातल्या विणीचे दोषही आले: तिरळे डोळे, वाकलेला कणा, दुबळी पिले. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची मुद्दाम वीण करण्यास मनाई केली. वाघाची मादी एका वेळी तीन-चार पिले देते, त्यामुळे ही चूक भरभर दिसली. कोळी माकडांत हीच चूक उघड व्हायला कितीतरी अधिक वर्षे लागतील, कारण तिथे पिढीच लांब.

त्यामुळे नोंदवही हे या कामातले सगळ्यांत महत्त्वाचे हत्यार. कोळी माकड बंदिवासात चाळीस वर्षांहून अधिक जगू शकते. आज वीस-बावीस वर्षांचा तरुण किपर ज्या पिलाला पाहील, ते त्याच्या निवृत्तीच्या दिवशीही पिंजऱ्यात असू शकेल. मधल्या काळात अधिकारी बदलतील, पशुवैद्य बदलतील, कंत्राटे बदलतील. माकडाचा आजोबा कोण, त्याने कोणता आजार काढला, कोणत्या मादीशी त्याचे जमत नाही, हे सगळे एखाद्याच्या डोक्यात राहिले तर त्याच्याबरोबर घरी जाते. जगातली अनेक संग्रहालये आता एका सामाईक संगणकीय नोंदपद्धतीत ही माहिती भरतात. पण तिथे भरायला आधी रोजच्या वहीत लिहिलेली असावी लागते. कोणी किती खाल्ले, कोण कोणाजवळ बसले, कोणाची विष्ठा पातळ होती, एवढ्या तीन ओळी रोज पुरतात.

हिंदुस्थानात अशा वहीची परंपरा नाही असे नाही. कोलकात्याचे अलीपूर संग्रहालय १८७६ मध्ये उघडले. तिथले पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी १८९२ मध्ये बंगालच्या सखल भागात बंदिवासातले प्राणी कसे सांभाळावेत यावर इंग्रजीत हस्तपुस्तिका लिहिली. आहार, निवारा, आजार, विणीच्या नोंदी, सगळे रोजच्या निरीक्षणातून. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८९ मध्ये, अलीपूरला सुमात्रा गेंड्याचे पिलू जन्मले. सान्यालांचा भर बंगालच्या हवेवर होता. माळव्याच्या हवेसाठी तसे काम अजून व्हायचे आहे.

रोगराईचा विषय पुढे स्वतंत्र प्रकरणात येईल. इथे दोन-तीन सूचना पुरेत. खारमाकडे, म्हणजे स्क्विरल मंकी, ज्या विषाणूसह सुखाने जगतात तो इतर काही अमेरिकी माकडांना जीवघेणा ठरतो, म्हणून सगळी परदेशी माकडे शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा. स्वयंपाकघरात फिरणारे मांजर टोक्सोप्लाझ्माचा परजीवी आणते, आणि अमेरिकी माकडे त्याला फार लवकर बळी पडतात. अमेरिका खंडात पीतज्वराने माकडे मरतात. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, म्हणून आयात माकडाचे विलगीकरण ही औपचारिकता समजू नये. आणि सर्दी, गोवर, क्षय हे माणसाकडून माकडाकडे जातात. जाळीशी तोंड नेऊन शिट्ट्या मारणारा प्रेक्षक हाही रोगवाहकच.

पुस्तकाचा विषय अमेरिकी माकड असला, तरी धारच्या वाचकाला एक प्रश्न टाळता येणार नाही. याच जिल्ह्यात सरदारपूरला १९८३ पासून खरमोरासाठी अभयारण्य आहे. महाराष्ट्रात याच पक्ष्याला तणमोर म्हणतात. पावसाळ्यात गवताळ माळावर नर उड्या मारून मादीला बोलावतो. २०२१ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. देवास जिल्ह्यात खिवनीचे अभयारण्य आहे, तिथे वाघांचा वावर आहे. प्रादेशिक संग्रहालयाचा पैसा, पशुवैद्याचा वेळ आणि जागा मर्यादित. ती परदेशी माकडांची वीण वाढवण्यात घालवावी की इथल्या माळरानाच्या प्राण्यांसाठी? उत्तर इथल्या प्राण्यांच्या बाजूने जाते. संग्रहालयाने कोळी माकड मागून आणू नये. आले तर नीट सांभाळावे, मान्यताप्राप्त संवर्धन कार्यक्रमाने बोलावले तरच वीण करावी, नाहीतर थांबवावी. मात्र सांभाळायला शिकलेले हात पुढे खरमोराच्या पिलालाही उपयोगी पडतात. तापमान पाहणे, वजन करणे, रोज लिहिणे, प्राण्याला त्याच्या स्वभावानुसार जागा देणे, ही कामे दोन्हीकडे सारखीच लागतात.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी निवारा आणि हवामान, मग आहार, मग कळपाची रचना आणि नवी माकडे मिसळण्याची रीत, मग ओळख, नोंदी आणि कायदा, मग आजार, आणि शेवटी वीण. किपर, पशुवैद्य, वनखात्यातले कर्मचारी यांना ती उपयोगी पडावीत ही अपेक्षा आहेच. पण धार, देवास, इंदूर किंवा नागपूर-पुण्याच्या सामान्य प्रेक्षकानेही ती वाचावीत. संग्रहालयात गेल्यावर फलकावर माकडाची नेमकी जात लिहिली आहे का ते पाहावे, नसेल तर कार्यालयात विचारावे. खोलीला दोन दारे आहेत का, वर टांगलेला पाला आहे का, हेही पाहावे. आणि शेंगदाण्याची पुडी जाळीपर्यंत न नेता पिशवीतच ठेवावी.